उलट्या पावलांखालच्या फळ्या

नाट्यगृहाचं मागचं दार उघडलं की काकू आधी चपला काढत, मग दिवा लावत, मग पंखा. बाह्या कोपरापर्यंत वर सारून त्या रंगमंचाच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात गुडघे टेकत आणि उजवा तळहात पहिल्या फळीवर सपाट ठेवत. मग हात हळूहळू पुढे सरके, झोपलेल्या गाईच्या पाठीवरून फिरावा तसा. एक फळी संपली की दुसरी. हात अडखळला की तिथे खडूने गोल. सगळ्या फळ्या झाल्या की हातोडी आणि पॉलिश पेपर घेऊन एकेका गोलापाशी जायचं. खिळ्याने डोकं वर काढलं असेल तर ते आत बसवायचं, कुसळ उठलं असेल तर घासून टाकायचं. शेवटचा गोल पुसून झाला की उभं राहून गुडघे झटकायचे आणि दाराकडे बघून म्हणायचं, "या."

त्या "या"शिवाय वर कोणी पाऊल ठेवत नसे. एकदा खुद्द व्यवस्थापक बुटांसकट चढले होते. काकूंनी झाडू खाली ठेवून अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "साहेब, तुमच्या ताटात मी चपला घालून उभी राहिले तर जेवाल का?" साहेब उतरले. तेव्हापासून काकूंचं नाव फळीकाकू पडलं. त्यांना ते आवडत नाही असं त्या सांगत. पण त्या नावाने हाक मारली की ओ मात्र पटकन देत.

ती जमीन त्यांच्या नवऱ्याने घातलेली. नवरा या नाट्यगृहाचा सुतार होता, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लाकूड मेलं तरी झोपत नाही, असं तो सांगायचा. हवा ओली झाली की फुगतं, कोरडी झाली की आकसतं आणि त्या कुशी बदलण्यात खिळे हळूहळू वर येतात. म्हणून रोज हात फिरवायचा. मिस्त्री गेल्यावर व्यवस्थापकांनी काकूंना झाडलोटीचं काम दिलं. हात फिरवण्याचं काम त्यांना कोणीच दिलं नव्हतं. ते त्यांनी नवऱ्याच्या हातोडीबरोबर आपण होऊन घेतलं.

खरं तर कित्येक वर्षं त्याची कोणाला गरज नव्हती. तेव्हाची नाटकं बुटांची आणि कोचांची. नटमंडळी यायची, कोचावर बसून दोन अंक भांडायची, तिसऱ्या अंकात समेट करून घरी जायची. त्यांच्या तळव्यांचा आणि फळ्यांचा कधी संबंधच आला नाही. तरी काकूंचा हात चालू होता. कोणी हसलं तर त्या म्हणायच्या, "हसा. खिळा कोणाला विचारून वर येतो का?"

मग ते नाटक आलं.

त्याचं नाव नाट्यगृहात उच्चारायचं नाही असा जुना समज आहे. उच्चारलं की काहीतरी पडतं, मोडतं, कोणाला तरी लागतं. म्हणून आम्ही सगळे त्याला नुसतं "ते नाटक" म्हणायचो. चारशे वर्षांपूर्वीचं, परक्या भाषेतलं. एक शूर सेनापती असतो. तीन चेटकिणी त्याला सांगतात की तू राजा होणार. मग तो पाहुणा म्हणून घरी आलेल्या म्हाताऱ्या राजाला झोपेत मारतो, आणि त्यानंतर जे जे टाळायला धावतो त्याच्याचकडे जाऊन पोचतो. शेवटी रानही चालत त्याच्या अंगावर येतं.

आमच्या दिग्दर्शिकेला, म्हणजे ताईला, त्यात सिंहासन नको होतं, तलवारी नको होत्या, पडदासुद्धा नको होता. बारा माणसं, बारा अंगं, अनवाणी. दार म्हणजे दोन माणसं. वादळ म्हणजे चोवीस पावलं. रान म्हणजे एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली, डोक्याला वाळक्या फांद्या बांधलेली सगळी मंडळी. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांना गोल बसवून विचारलं, "लहानपणी कोणत्या गोष्टीला घाबरायचात? पुस्तकातली नको, ऐकलेली सांगा."

कोणी राक्षस सांगितला, कोणी विहिरीतला हात. कोपऱ्यात केर भरत असलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "आमच्याकडे उलट्या पावलांची बाई होती."

"म्हणजे?"

"टाचा पुढे, बोटं मागे. रानात चुकलेल्या माणसाला मातीत तिची पावलं दिसतात. तो म्हणतो, बाई तिकडे गेली, बरं झालं, आपण इकडे पळू. पळतो, पळतो, आणि थेट तिच्या मांडीवर जाऊन बसतो." काकूंनी सुपली उचलली. "उठा आता, तिथला केर राहिलाय."

ताई उठली नाही. बराच वेळ ती मातीतली पावलं बघत असल्यासारखी बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिन्ही चेटकिणी उलट्या चालू लागल्या. पूर्ण नाटकभर, रंगमंचावर बांधायच्या लाकडी उतारावरून, वादळातून, चेहरा एकीकडे आणि चाल दुसरीकडे. त्यांना आपण कुठे पाऊल टाकतोय ते दिसत नसे.

त्यातली थोरली चेटकीण व्हायची ती वयाने सगळ्यांत लहान. पूर्वी शर्यतीत धावायची. एका जागी उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती, म्हणून तिला भिंगरी म्हणत. पहिल्यांदा उलटं चालायची वेळ आली तेव्हा तिने मागे वळून काकूंना विचारलं होतं, "काकू, फिरलाय ना हात?"

"फिरलाय."

"मग डोळे मिटूनही जाईन."

आणि ती खरंच डोळे मिटून गेली.

काकूंच्या घरी दोघीच असत, त्या आणि सून. मुलगा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. सून एका हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला. तिला गणवेशाबरोबर पातळ नायलॉनचे लांब मोजे घालावे लागत, आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या स्टुलाशी तिचं त्यावरून वैर होतं. "हा स्टूल माझा पगार खातो, आई. जरा टेकलं की मोजा गेलाच." काकू स्टुलावरून हात फिरवून म्हणायच्या, "काही नाही गं, गुळगुळीत आहे." सून मोज्यातली लांब उसवण दाखवायची. मोजा खोटं बोलत नव्हता.

मग एका सकाळी काकूंनी चुलीवरून दुधाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं आणि ओट्यावर ठेवलं. सून बघत राहिली.

"आई, हात."

तळहातावर फोड आला होता, रुपयाएवढा.

"कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की. सवय आहे."

"चला डॉक्टरकडे."

"कशाला? हात दाखवून अवलक्षण."

तरी सुनेने नेलं. डॉक्टरांनी टाचणी घेतली, काकूंना डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, टोचतंय का? काकू म्हणाल्या, टोचा तर खरं. डॉक्टरांचं तोवर चार वेळा टोचून झालं होतं. जुनी साखर, ते म्हणाले. आधी पाय बधिर होतात, मग हात. पाय बधिर झालेले काकूंना माहीत होतं. पण त्यांचं काम पायाचं नव्हतं, म्हणून त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

"काम काय करता?"

"झाडू मारते," काकू म्हणाल्या.

तेही खोटं नव्हतं.

नाट्यगृहात त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी चपला, दिवा, पंखा. गुडघे टेकायचे, हात सपाट ठेवायचा, पुढे न्यायचा. फक्त आता हाताखाली फळी नव्हती, काहीच नव्हतं. जणू जाड गोधडीवरून फिरतोय. त्या विजेरी जमिनीला टेकवून आडवा उजेड टाकायच्या. खिळ्याची सावली पडे, ते सापडत. कुसळाची सावली पडत नाही. खडूचे गोल कमी होत गेले. कोणी म्हणालं, काकू, जमीन आता सुधारली. काकू म्हणाल्या, "म्हातारी झाली, दमली असेल." आणि उभं राहून गुडघे झटकून, "या."

सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कोणीतरी हात फिरवला असता. झाडू त्यांच्याकडे राहिला असता, "या" गेलं असतं.

त्याच दिवसांत सेनापतीच्या बायकोचा प्रवेश बसत होता. राजाच्या खुनानंतर ती झोपेत चालते आणि न जाणारे डाग धूत राहते. ताईला पाण्याचा अभिनय नको होता. ती नटी काही दिवस शोधत राहिली, मग एकदा गुडघ्यावर बसली आणि फळ्यांवरून तळहात फिरवू लागली, सावकाश, एकेक फळी, काहीतरी सापडायला हवं आणि सापडत नाही अशी.  प्रवेश संपल्यावर ती हसून म्हणाली, "काकू, तुमच्यावरून चोरलं हं."

काकू विंगेत झाडत होत्या. त्यांनी तीच जागा परत झाडली.

प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना भिंगरी मधल्या उतारावरून उलटी खाली आली, जुन्या जमिनीवर पाऊल टाकलं, ते मागे ओढलं आणि बसली. ओरडली नाही. पाय मांडीवर घेऊन बघत राहिली. कुसळ बोटभर लांब होतं आणि तळव्यात आडवं शिरलं होतं. फळीवर रक्ताचे पाच-सहा ठिपके पडले.

"उताराची कड आहे," कोणीतरी म्हणालं. उतार नवा होता. तो नव्या सुताराने बनवला होता. हा सुतार पूर्वी मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेला; त्यामुळे सगळं जग काकूंना काकू म्हणे, हा एकटा वहिनी म्हणायचा. गाणी मोठ्याने लावून काम करायची त्याला खोड होती आणि त्यामुळे व्यवस्थापकांचा त्याच्यावर आधीच राग.

"मी तीन वेळा घासलीय कड," तो म्हणाला.

"गाणी ऐकत घासली असशील," व्यवस्थापक म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"मी पाय ओढला असेन," भिंगरी खालून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "जमीन बरोबर असणार. काकूंचा हात फिरलाय."

सुताराने काकूंकडे बघितलं. काकूंनी बादली उचलली.

भिंगरीला डॉक्टरकडे नेलं, बाकीचे पांगले. काकू ठिपके पुसायला गुडघ्यावर बसल्या. नव्या उताराची कड गुळगुळीत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, जुन्या फळीत, बोटभर लांबीची ताजी पांढरी चीर होती. मिस्त्रींची फळी. काकूंनी खिशातून पॉलिश पेपर काढला आणि ती चीर घासून काढली. सवयीने काढली की मुद्दाम, हे त्यांना त्या वेळी कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. घासून झाल्यावर चीर दिसेनाशी झाली, आणि तेव्हा त्यांना कळलं की आता सुताराच्या बाजूने बोलणारं जगात काहीच उरलं नाही.

घरी सून स्टुलावर बसून मोजे उतरवत होती. "गेला परत," ती म्हणाली. काकू दारातच थांबल्या.

"बघू."

"काय बघता, रोजचंच."

"कुठे अडकला ते दाखव."

सुनेने स्टुलाची कड दाखवली. काकूंनी तिथे बोट फिरवलं. काही नाही. मग त्यांनी फाटका मोजा हातात चढवला, कोपरापर्यंत, आणि हात परत फिरवला. मोजा तटकन अडला. त्यांना बोटात काही जाणवलं नाही, पण मनगट ओढलं गेलं. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच ओढ.

"आई, काय झालं?"

काकू स्टुलासमोर जमिनीवर बसल्या आणि मोजा न काढताच सगळं सांगितलं. डॉक्टरांना झाडू मारते सांगितलं तिथपासून.

सुनेने दुसरा मोजाही उतरवला. मग म्हणाली, "त्या मुलीच्या पायाचं होईल बरं. सुताराच्या पोटाचं काय?"

"तेच म्हणते."

"म्हणताय कुठे? इथे म्हणताय. तिथे म्हणा." ती उठली आणि कपाटातून फाटक्या मोज्यांची पिशवी काढून काकूंच्या मांडीवर ठेवली. "घ्या. टाकायलाच काढले होते."

दुसऱ्या दिवशी मंडळी आली तेव्हा स्टेजवर खडूचे सात गोल होते आणि काकू हातात मोजा घालून मधोमध बसल्या होत्या. त्यांनी "या" म्हटलं नाही. ताई पायरीपाशी थांबली.

"काकू, काल सकाळी एकही गोल नव्हता."

"गोल नव्हते. कुसळं होती." काकूंनी मोज्याचा हात वर केला, ठिकठिकाणी तार निघालेला. "कालची फळी माझी. उताराची नव्हे. चीर होती, ती मी घासून टाकली."

काकूंनी मोजा उतरवून तळहात सगळ्यांपुढे धरला.

"माझा हात मेलाय, ताई. दोन महिने झाले."

"मग दोन महिने रोज सकाळी काय करत होतात?"

"हात फिरवत होते."

"नुसता?"

"नुसता."

ताई चपला काढून वर आली. आम्हाला वाटलं, ती आता रागवेल, आणि तिला राग आलेलाच होता.  "ती डोळे मिटून चालत होती, काकू," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर." काकूंनी मान हलवली. क्षमा वगैरे शब्द त्यांनी वापरला नाही. ताई त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, पहिल्या गोलाजवळ स्वतःचा तळहात ठेवला, तो अडखळला तेव्हा तिने तो झटकन मागे घेतला. मग तिने पिशवीतून एक मोजा काढून हातात घातला. "उद्यापासून एकाने हात फिरवायचा नाही. सगळ्यांनी. आणि कसा ते तुम्ही शिकवायचं. चुकलं तर ओरडायचं. झाडू दुसरं कोणीतरी धरेल."

काकू त्याच दुपारी सुताराच्या घरी गेल्या. तो अंगणात कोणाची तरी खिडकी दुरुस्त करत होता. गाणी बंद होती.

"फळी माझी होती," काकू म्हणाल्या. "सगळ्यांसमोर सांगून आले. साहेबांनाही. ते म्हणाले, ये परत."

सुताराने रंधा थांबवला नाही. "वाह वहिनी. कुसळ तुमच्या फळीचं आणि मुसळ माझ्या डोक्यात."

"बोल. तुझा हक्क आहे."

"मिस्त्री असते तर?"

"मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशीच हाकललं असतं."

रंधा थांबला. "हाकललं नसतं," तो म्हणाला. "तुमच्या मागे गुडघ्यावर बसून तेच परत केलं असतं, आणि तुम्हाला कळू दिलं नसतं." मग पुन्हा रंधा चालवत, "उद्या येतो. पण गाणी लावणार."

"लाव बाबा."

रोज सकाळी सगळे नट एका रांगेत गुडघे टेकून, हातात फाटके मोजे चढवून फळी फळी पुढे सरकू लागले. भिंगरी सहाव्या दिवशी पायाला पट्टी बांधून आली आणि रांगेत सगळ्यांत हळू सरकली. काकू मागून चालत. "घाई कसली? फळी पळून जातेय का?" "ए सेनापती, कोपरा सोडलास." "भिंगरे, हात दे, डोळे कशाला देतेस? डोळ्यांनी फसायला होतं." भिंगरीने त्यांच्याशी त्या दिवशी दुसरं काही बोलणं काढलं नाही. पण उतारावरून उलटं यायच्या आधी ती थांबली आणि रांगेतल्या सगळ्यांना विचारलं, "फिरलाय ना?" अकराजण म्हणाले, "फिरलाय." ती काकूंकडे बघत राहिली. काकूंनी आपण कुठे कुठे पाहिलं ते सांगितलं, एकेक फळी दाखवून. मग ती उलटी चालत खाली आली. डोळे उघडे ठेवून.

ताईने ती रांग नाटकातच ठेवली. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक आत येत असताना मोजे काढून ठेवलेली बारा माणसं अंधुक उजेडात, न बोलता, जमिनीवरून हात फिरवत पुढे येत होती. मोज्यांचं खरं काम सकाळीच उरकलेलं असे. शेवटची फळी झाल्यावर सगळे उभे राहिले, गुडघे झटकले, आणि भिंगरी अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "या." तिथून नाटक सुरू झालं.

एका वर्तमानपत्रात छापून आलं की नाटकाच्या आरंभी येणारा भूमिवंदनाचा प्राचीन लोकविधी अंगावर काटा आणतो. सुनेने ते काकूंना वाचून दाखवलं. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "प्राचीन कुठला? कुसळं शोधताहेत मेले." मग म्हणाल्या, "परत वाच."

नाटक दीड वर्ष चाललं. तेवढा सगळा काळ काकू रोज येत राहिल्या, शेवटी शेवटी खुर्चीवर बसून. गोल काढायचा खडू त्यांनी भिंगरीला दिला होता, हातोडी सुताराला. एका आठवड्यात त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. आता बरं वाटत होतं, घरी सोडणार होते. संध्याकाळी कामावर निघालेली सून त्यांना बघायला आली. खाटेच्या लोखंडी कडेला तिचा मोजा अडकला आणि गुडघ्यापासून खाली उसवत गेला. ती वैतागून तो तिथेच उतरवू लागली.

काकू उशीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "टाकू नकोस गं तो. पिशवीत ठेव."